काट्याकडं बघत गेलेला उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात दुपारचे रस्ते रिकामे होतात. नळाला पाणी कधी येणार याची चौकशी शेजारणी जिन्यातच करून घेतात आणि शहागंजात दुकानांबाहेर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या रचलेल्या दिसू लागतात. परवा त्या ताट्या आणायला मी रिक्षानं निघाले. सिग्नलला रिक्षा थांबली, उन्हात थरथरत उभी राहिली, आणि माझी नजर आपोआप हँडलच्या मागं गेली. इंजिन किती तापलंय हे दाखवणारा काटा मी शोधत होते. रिक्षाला तो नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी शोधते. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली तर त्याच्या खांद्यावरून वाकून बघते. कुणाच्या नव्याकोऱ्या गाडीत गार हवेत बसले तरी डोळा त्या काट्यावरच असतो. ही सवय मला दोन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यानं लावली.

सुरुवात झाली बंद पडलेल्या जीपपासून. माझा नवरा विलास मूळचा देवगाव रंगारीचा. त्याचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, गावातून कन्नडला सवाऱ्या न्यायचे. दादा एका आजारात अचानक गेले आणि त्यांची जीप घराशेजारच्या कडुलिंबाखाली उभी राहिली. टायर बसले, सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. दादांची बायको, माझी जाऊ कमलताई, घरच्या थोड्याशा रानात भाजी करते. ती बाजारात न्यायला तिला दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघावी लागायची आणि तोवर मेथी माना टाकायची. एका सकाळी तिनं विलासला सांगितलं, गाडी चालू करून द्या, मी चालवीन. विलासला ती चेष्टा वाटली. पण तिनं तोवर कन्नडला जाऊन गाडी शिकून लायसनसुद्धा काढलं होतं.

दादांच्या जीपचं इंजिन कामातून गेलेलं होतं. विलास वाळूजच्या एका कारखान्यात मशिनींच्या देखभालीला आहे आणि त्याच्या हाताला स्वस्थ बसणं माहीत नाही. अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं धडधाकट इंजिन त्यानं मिळवलं, रीतसर परवानग्या घेतल्या आणि दर रविवारी गावी जाऊन ते जीपमध्ये बसवायला लागला. इंजिन बसलं, पण ते जुन्यापेक्षा लांब निघालं. रेडिएटरला, म्हणजे इंजिनचं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीला, पुढं जागाच उरली नाही. जीपचं तोंड कापून पुढं ओढणं हा एक मार्ग होता. कमलताईनं तो लगेच बंद केला. पुढच्या पट्टीवर दादांनी स्वतःच्या हातानं लेकीचं नाव रंगवलं होतं, मनीषा. ती म्हणाली, "त्या नावाला कटर लावायचं नाय."

मग विलासनं रेडिएटर जीपच्या मागच्या टोकाला नेला, शेवटच्या सीटच्या पाठीमागं, जिथं दादा सवाऱ्यांची गाठोडी ठेवायचे. इंजिन पुढं, रेडिएटर मागं, आणि मधे जीपच्या तळातून जाणारे दोन लोखंडी पाइप. एकातून तापलेलं पाणी मागं जाणार, तिथं दोन विजेचे पंखे ते गार करणार, दुसऱ्यातून ते पुढं परत येणार. जोडांना रबरी नळी आणि तिच्यावर आवळलेली क्लिप. कागदावर चित्र काढून त्यानं मला हे समजावलं तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. मला त्या चित्रात एकच गोष्ट दिसली. उकळतं पाणी माणसांच्या पायाखालून जाणार होतं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. काही वर्षं मी भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली. उकळत्या पाण्यानं भाजलेलं माणूस आल्या आल्या रडत नाही. आपल्याच कातडीकडं नवल केल्यासारखं बघत राहतं. रडणं नंतर येतं, पट्टी बदलताना. त्या वॉर्डातून माझी बदली होऊन जमाना झाला, पण घरात भाताचं पातेलं उतरवताना मी अजून सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढते. विलासला हे माहीत होतं. पाइप जाड आहेत, तू उगाच घाबरतेस, असं तो म्हणाला. भीतीला लोखंडाची जाडी सांगून काही उपयोग होत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं ती संध्याकाळ आठवते. अंगणात गल्ली गोळा झालेली. इंजिन एका झटक्यात लागलं, कमलताईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं विलास मागं गेला, रेडिएटरवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला. रेडिएटर गार होता. पुढं काटा मात्र चढत चालला होता. त्यानं इंजिन बंद केलं, सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. पुढून गुडगुड असा आवाज येत होता, मोठ्या हंड्यात आधण आल्यासारखा. इतक्या लांबच्या पाइपांत हवा अडकली होती आणि त्या हवेनं पाणी अडवून धरलं होतं. पुढच्या रविवारी त्यानं जीप तोंड चढावर करून उभी केली, पुढं सगळ्यांत उंच जागी बसवलेल्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं आणि पाणी ओतत राहिला. बुडबुडे येत राहिले, फुटत राहिले. ते थांबल्यावर मागचा रेडिएटर हाताला गरम लागला. माणसं हसली. मी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, रांजणापाशी उभी होते.

जयंतीच्या मिरवणुकीत ती जीप सजून निघाली. पुढं तसबीर, तसबिरीला हार, चारही बाजूंना निळे झेंडे आणि निळ्या रिबिनी. पांढरं लुगडं नेसलेली कमलताई स्टिअरिंगवर. देवगावात बाईनं मिरवणुकीची गाडी चालवलेली कुणी पाहिली नव्हती. म्हाताऱ्या बायका ओट्यावरून उठून उभ्या राहत होत्या. जीप माणसांच्या चालीनं चालली होती आणि काटा अर्ध्यावर खिळल्यासारखा उभा होता. विलास काट्याकडं बघून पुन्हा पुन्हा माझ्याकडं बघत होता, बघ म्हणून. मी मात्र मागं चालत होते, कारण मागच्या जाळीपाशी पोरं गर्दी करत होती आणि पंख्यांसमोर हात नेत होती. सगळी मिरवणूक मी पोरांचे दंड धरून त्यांना मागं ओढण्यात घालवली. लोकांना वाटलं, शहरातल्या बाईला शिस्तीची हौस आहे.

मग एक उलटीच गोष्ट दिसायला लागली. हळू चाललं की इंजिन गार राहायचं, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा वर सरकायचा. कमलताई भाजी घेऊन शहरात यायची ती निम्म्या रस्त्यात थांबून थांबून. विलासला झोप येईना. वेग वाढला की वारा वाढतो, मग इंजिन गार व्हायला पाहिजे, असं तो जेवताना ताटाशी पुटपुटायचा. शेवटी त्यानं जयंतीच्या उरलेल्या रिबिनी मागच्या जाळीवर बांधल्या आणि मला सांगितलं, तू स्कूटीवरून मागं ये आणि रिबिनी काय करतात ते बघ.

रविवारी पहाटे बीड बायपासला आम्ही निघालो. तो जीपमध्ये, मी मागं. शेजारून ट्रक हेलकावे देत जात होते. जीप हळू होती तोवर रिबिनी जाळीला चिकटलेल्या होत्या, कारण पंखे बाहेरची हवा आत ओढत होते. वेग वाढला तशा त्या सुटल्या आणि वेड्यासारख्या चहूकडं भिरभिरायला लागल्या. जीपच्या मागं धूळ तिथल्या तिथं गोल फिरत होती. मी हे सांगितल्यावर विलासला कोडं उलगडलं. गाडी वारा पुढंच कापते, मागं उरते ती नुसती ओढ, आणि त्याचे पंखे त्या ओढीशी झुंजत होते. त्यानं पंखे उलटे फिरवले. जीपच्या दोन्ही कुशींना पत्र्याची तोंडं बसवली. आता हवा कुशीतून आत यायची आणि मागून बाहेर पडायची. काटा वेगातही अर्ध्यावर राहायला लागला.

विलासला वाटलं, काम संपलं. मला तसं वाटलं नाही. मला कारण सांगता येत नव्हतं. दवाखान्यात ड्युटीवर असताना, एखाद्या पेशंटला सलाईन लावताना, मधेच डोळ्यांसमोर तो काटा यायचा. कमलताई बाजारात पोचल्याचा फोन येईपर्यंत मला चहा गोड लागायचा नाही.

मे महिन्यात कमलताईची लेक मनीषा बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. सासर सोयगावचं. नवरा कामाला पुण्यात. आठवा महिना लागलेला. मी म्हटलं, आपण भाड्यानं एसी गाडी करू. कमलताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिच्या बापानं तिचं नाव घातलंय त्या गाडीवर. तिला तीच गाडी आणील." विलासला सुट्टी मिळाली नाही. मी रजा टाकली आणि सोबत निघाले. नर्स आहे म्हणून निघाले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे घरी बसून फोनची वाट बघणं मला झेपलं नसतं.

जाताना सगळं सुरळीत झालं. सिल्लोड, अजिंठा, घाट उतरून फर्दापूर आणि सोयगाव. मनीषाच्या सासूनं जेवू घातलं, ओटी भरली, पाण्याच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. निघायला दुपार झाली. मनीषा मधल्या सीटवर बसली. तिचे पाय सुजले होते, म्हणून तिनं ते वर घेऊन मांडी घातली. मी पुढं कमलताईशेजारी, काट्यासमोर.

फर्दापूर सोडलं आणि घाट लागला. पुढं कडब्यानं लादलेला ट्रक धापा टाकत चढत होता, त्याला मागं टाकायला जागा नव्हती. ऊन इतकं की डांबर ओलं असल्यासारखं चमकत होतं. काटा अर्ध्यावरून सरकला. अजून सरकला. मागचे पंखे पूर्ण जोरात घरघरत होते, तो आवाज मला धीर देत होता. काटा लाल पट्टीच्या जवळ आला तेव्हा मी मनात म्हणत होते, पुढच्या वळणावर सांगू, पुढच्या वळणावर सांगू. आणि तेवढ्यात काटा खाली आला. हळूहळू नाही, एकदम. लाल पट्टीपासून अर्ध्यावर, अर्ध्यावरून तळाशी.

माझा जीव भांड्यात पडला. मी मान मागं वळवून मनीषाकडं बघून हसलेसुद्धा. कमलताईला म्हटलं, उतरला बघा काटा.

तिनं काट्याकडं एकदाच बघितलं. मग मान थोडी तिरपी केली, ऐकत असल्यासारखी.

"चढाला काटा खाली येत नसतो, सुनंदा," ती म्हणाली. "मागचे पंखे का गप झाले?"

ते बोलतानाच तिनं गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मग मला वास आला, गोडसर, उग्र, इंजिनच्या पाण्यात मिसळलेल्या कूलंटचा. आणि मागून मनीषाचा आवाज आला, "काकू, खाली पाणी आलंय."

सीटचे बोल्ट जिथून जातात त्या भोकांतून वाफ वर येत होती. मनीषाच्या चपला खाली ठेवलेल्या होत्या, त्यांच्याभोवती हिरवट पाणी उकळी फुटल्यासारखं उसळत होतं. एरवी तिचे पाय जिथं असते तिथं. ती मांडी घालून वर बसली होती, दोन्ही हात पोटावर, आणि खाली बघत होती. ते नवल केल्यासारखं बघणं मी ओळखलं. मी उडी मारून उतरले, मधल्या सीटचं दार उघडलं, आणि आम्ही दोघींनी तिला पाय खाली टेकू न देता, काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून, बाहेर काढून दगडावर बसवलं. मी तिची नाडी बघितली, पोटावर हात ठेवला. बाळ हललं. एकदा, मग पुन्हा. मी बाळ ठीक आहे असं म्हणाले ते माझ्या आवाजात नाही, वॉर्डातल्या आवाजात.

काटा पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच उरलं नाही तर त्याच्याजवळ सांगायला काही नसतं, म्हणून तो खाली पडतो, आणि रेडिएटरमधल्या गरम पाण्यावर सुरू होणारे पंखेही बंद पडतात. हे मला नंतर विलासनं सांगितलं. सगळा उन्हाळा मी ज्याच्याकडं बघत होते, तो सगळ्यांत वाईट क्षणी मला दिलासा देऊन गेला होता. मनीषाला माझ्या भीतीनं वाचवलं नव्हतं. तिच्या सुजलेल्या पायांनी वाचवलं होतं.

जळगावकडून येणारी एक गाडी थांबली. आत एक प्रौढ नवराबायको होते. त्यांनी न विचारता मागची सीट रिकामी करायला घेतली, पण सामान इतकं होतं की दोघींपुरतीच जागा झाली. कमलताईनं मला जायला सांगितलं, तू नर्स आहेस म्हणून. मनीषानं आईचा पदर मुठीत धरला होता. मी म्हटलं, "तिला आत्ता नर्स नको, आई पाहिजे. तुम्ही जा. मी गाडीपाशी थांबते." अजिंठा गावात दवाखान्यात दाखवा, एवढं मी सांगितलं आणि गाडीचं दार लावून घेतलं.

मग मी आणि ती जीप.

टायरला दगड लावले. जीपपासून लांब, डोंगराच्या सावलीत जाऊन बसले. लोखंड गार होताना टक्‌ टक्‌ वाजत होतं. तळातून पाणी ठिबकत होतं आणि डांबरावर पडल्या पडल्या वाळत होतं. वरच्या कड्यावर माकडं बसली होती, तीही जीपकडंच बघत होती. दर टक्‌ला मला वाटायचं, आता काहीतरी फुटेल. कुणी मदतीला थांबलं की मी आधी ओरडून सांगायचे, झाकण उघडू नका, हात लावू नका. एका टेम्पोवाल्यानं पाण्याचा कॅन दिला आणि वेडी आहे अशा नजरेनं बघून निघून गेला. कमलताईचा फोन आला की डॉक्टरांनी तपासलं, दोघंही व्यवस्थित आहेत. तेव्हा मी पहिल्यांदा रडले, उन्हात, एकटीच, माकडांसमोर.

उन्हं कलल्यावर विलास मोटारसायकलवर आला. मला विचारलंही नाही, सरळ जीपखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात रबरी नळीचं टोक होतं. नळी फाटली नव्हती. लोखंडी पाइपाच्या टोकाला नळी अडवून धरणारी उंचवट्याची कड असावी लागते, ती त्यानं त्या एका जोडाला केली नव्हती. सपाट टोकावरून, तापून मऊ झालेली नळी क्लिपसकट निसटली होती. तो नळी हातात धरून रस्त्याच्या कडेला बसला.

"वहिनी गाडी घेऊन निघाल्या की मी मनात त्यांच्यासोबत गावापासून बाजारापर्यंत जायचो," तो म्हणाला. "तुला सांगितलं नाही. मी घाबरलोय हे कळलं असतं तर त्या गाडीत बसल्याच नसत्या."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण नंतर, घरी गेल्यावर. त्या वेळी मी फक्त त्याच्या शेजारी बसले. इतके दिवस एकाच घरात आम्ही दोघं एकाच काट्याला घाबरत होतो आणि एकमेकांपासून ते लपवत होतो.

कमलताईनं वेळेत बंद केल्यामुळं इंजिन वाचलं. विलासनं सगळे जोड पुन्हा केले, मधल्या सीटखालचा जोड काढून टाकून तिथं अखंड पाइप घातला, आणि पाणी कमी झालं की कर्कश वाजणारा भोंगा बसवला. मनीषाला मुलगी झाली. जीप बाजाराला जायला लागली. गावात कमलताईच्या प्रसंगावधानाची गोष्ट पसरली, दर वेळी घाट थोडा उंच आणि ट्रक थोडा मोठा होत गेला. मनीषा मात्र त्यानंतर नेहमी बसनं आली आणि बसनं गेली. कुणी तिला काही म्हटलं नाही.

या वर्षी ती लेकीला घेऊन माहेरी आली आणि निघताना म्हणाली, आई, गाडीनं सोड. मागच्या आठवड्यात आम्ही तिला सोयगावला सोडून आलो. तिची पोर मधल्या सीटवर उभी राहून खिडकीतून हात बाहेर काढत होती आणि मी आणि मनीषा तिला आत ओढत होतो. काही झालं नाही.

परतताना आम्ही दोघीच होतो. घाट चढताना काटा अर्ध्यावर होता, पंखे नीट घरघरत होते. ती जागा आली तशी कमलताईनं गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी दचकून भोंग्याकडं बघितलं. काय झालं म्हणून विचारलं.

"काय नाय झालं," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि कोपरापासून थरथरत होते. "त्या दिवशी लेक समोर होती, घाबरता आलं नाय. मग गावात सगळे म्हणाले, कमल लई धीराची. मग तर घाबरायचं राहूनच गेलं. जरा बसू दे मला."

मी तिचा हात स्टिअरिंगवरून सोडवून माझ्या हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता, भर उन्हाळ्यातल्या त्या दुपारी. शेजारून गाड्या जात राहिल्या. एकदोघांनी वेग कमी करून मदत पाहिजे का विचारलं, मी हातानंच नाही म्हटलं. ती रडली नाही, नुसती थरथरत राहिली, आणि मी तिला थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं तिचा हात गरम झाला. तिनं तो सोडवून घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि चावी फिरवली.